आमच्या गल्लीत काढण्यासारखं काय आहे?

मुसलमान माणसाचं चित्र आपण रोज पाहतो. बातमी लोकसंख्येची असो, मदरशाची असो की तलाकची, सोबतचा फोटो ठरलेला. पाठमोऱ्या बुरखेवाल्या बायका, नाहीतर नमाजात झुकलेल्या टोप्या. ईदला गळाभेट घेणारी दोन गोंडस मुलं. दंगल झाली की जळालेलं दुकान. या तीन-चार चौकटींच्या बाहेर आपला माणूस पंक्चर काढतो, रेशनच्या रांगेत उभा राहतो, पालकसभेला उशिरा येतो, एसटीत खिडकीच्या जागेसाठी हुज्जत घालतो. त्याचं चित्र कुणी काढत नाही. वाईट याचं वाटतं की हळूहळू आपणही त्याच्याकडे पाहायचं सोडलं आहे.

म्हणून आज सुधीर पटवर्धन या चित्रकाराबद्दल लिहितो आहे. जन्म १९४९, पुण्याचा. शिक्षण डॉक्टरकीचं, पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात. १९७३ साली ते मुंबईला आले आणि पुढे ठाण्यात २००५ पर्यंत क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून त्यांनी काम केलं. चित्रकलेची पदवी त्यांच्याकडे नाही. दवाखाना सांभाळत ते चित्रं काढत राहिले. दिवसभर लोकांच्या हाडांचे फोटो वाचणाऱ्या या माणसाने कॅनव्हासवर रंगवली ती त्याच लोकांची शरीरं : थकलेली, वाकलेली, तरीही उभी.

त्यांच्या चित्रांची नावंच पाहा. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०), ‘लोअर परळ’ (२००१). मुंबईच्या लोकलमधली माणसं, रस्त्याच्या कडेला थांबलेला कामगार, गिरण्या बंद पडून बदलत गेलेली वस्ती, ठाण्याच्या बाजूला डोंगर पोखरत वाढणारं शहर. यात राजा नाही, देव नाही, नेता नाही. मोठ्या कॅनव्हासची जागा आजवर ज्यांना मिळाली, त्यांच्या जागी इथे साधा माणूस आहे. तरुणपणी पटवर्धनांवर डाव्या विचारांचा प्रभाव होता. पण त्यांचा कामगार मूठ आवळून घोषणा देताना क्वचितच दिसतो. बहुतेक वेळा तो नुसता आहे, आणि त्याचं असणं चित्रकाराला पुरेसं वाटतं.

१९८१ मध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ नावाचं प्रदर्शन मुंबई आणि दिल्लीत झालं. अमूर्त चित्रांचा दबदबा असताना माणसाला चित्रात पुन्हा जागा द्यायची, असा त्याचा आग्रह होता. त्यात पटवर्धनांबरोबर भूपेन खख्खर होते, नलिनी मलानी होत्या, आणि सुरेंद्रनगरला जन्मलेले, बडोद्यात शिकवणारे, गुजरातीत कविता लिहिणारे गुलाममोहम्मद शेखही होते. शेख यांच्या ‘सिटी फॉर सेल’ या चित्रात बडोद्याची दंगल आणि ‘सिलसिला’ सिनेमा एकाच शहरात शेजारी-शेजारी चालू आहेत. पटवर्धनांनीही मुंबईच्या १९९२-९३ नंतर ‘रायट’ (१९९६) रंगवलं. पण या दोघांकडे दंगलीआधीचं शहर आहे आणि नंतरचंही आहे. वर्तमानपत्राला फक्त दंगल दिसते. ज्याने एरवीचा मोहल्ला पाहिला आहे, त्यालाच दंगलीत नक्की काय मोडलं ते कळतं.

आता आपल्यातला प्रश्न. तस्वीर जायज आहे का, असं मला पालक विचारतात. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. ‘अल्-मुसव्विर’ हे अल्लाहचं नाव आहे, घडवणारा तोच. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलं होतं की पूजेचा धोका नसेल तर चित्र हे ज्ञान जपण्याचं साधन आहे. कुणाला हे पटेल, कुणाला नाही. पण ज्या घरात लग्नाचा अल्बम आहे आणि प्रत्येक हातात कॅमेऱ्याचा मोबाईल आहे, तिथे फक्त ड्रॉइंगच्या वहीवर हरकत घेणं मला समजत नाही. सेल्फीत आपण स्वतःला पाहतो. चित्र काढायचं तर दुसऱ्याकडे तासभर पाहावं लागतं. दोन्हीत तरबियत कशाने होते, हे पालकांनीच ठरवावं.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. निबंधासोबत चित्र काढा म्हटलं की वर्गातल्या बहुतेक वह्यांत तेच दिसतं : दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी, नारळाचं झाड. नेवाशात प्रवरा आहे, पण वहीतली नदी प्रवरा नसते. “आपल्या गल्लीचं काढा,” म्हटल्यावर एक मुलगी म्हणाली, “सर, आमच्या गल्लीत काढण्यासारखं काय आहे?” तिचे वडील हायवेला टायरचं काम करतात.

या प्रश्नाचं एक उत्तर नेवाशातच पुरलेलं होतं. १९५४ ते ५६ मध्ये डॉ. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली इथल्या लाडमोड टेकाडावर उत्खनन झालं. त्यांच्या चमूत झैनुद्दीन अन्सारीही होते. जमिनीतून लाल मडकी निघाली, त्यावर काळ्या रंगाची नक्षी. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा इथला माणूस आपल्याला कळला तो त्याच्या रोजच्या वापरातल्या भांड्यांवरून. कुणातरी कुंभाराला पाण्याचं मडकंही रंगवण्यासारखं वाटलं होतं.

एक आक्षेप रास्त आहे. कामगाराचं चित्र गॅलरीत लागतं, श्रीमंताच्या घरी जातं, आणि कामगार ते कधीच पाहत नाही. पटवर्धनांना याची जाणीव असावी. २००८-०९ मध्ये त्यांनी ‘एक्स्पांडिंग होरायझन्स’ हे समकालीन चित्रांचं प्रदर्शन मुंबईबाहेर महाराष्ट्रातल्या शहराशहरांत फिरवलं. २०१९-२० मध्ये त्यांच्या पन्नासेक वर्षांच्या कामाचं मोठं प्रदर्शन मात्र मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात झालं. नेवाशातून तिथवर कोण जाणार?

म्हणून मागणी छोटी आहे. उर्दू शाळांना चित्रकलेचा शिक्षक मिळावा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेपुरता ड्रॉइंगचा तास राहू नये. आणि वर्गाच्या भिंतीवर, थोर पुरुषांच्या तसबिरींशेजारी, ‘ट्रेन’सारख्या एखाद्या चित्राची छापील प्रत लागावी. टायरवाल्याच्या मुलीला कळू द्या की ग्रीस लागलेले हात काढायला कठीण असतात, आणि ते नीट काढायला चित्रकारांनी आयुष्यं घालवली आहेत. आपली चित्रं दुसरेच काढतात म्हणून आपण चिडतो. मग वही-पेन्सिल आपल्या पोरांच्या हातात द्यायला उशीर कशाला?