सुभेदारांचा दोर



गेल्या पंधरवड्यात हरभऱ्यावरची घाटेअळी पाहायला एका निवृत्त सुभेदारांच्या रानात गेलो होतो. 1971 च्या लढाईतला हा गडी. काचबिंदूने नजर जवळजवळ गेलेली. मुलगा म्हणाला, "आबांना आम्ही बाजेवरून उठूच देत नाही."

आबा कडाडले, "साहेब, डोळे गेलेत, हातपाय नाहीत!"

खरेच होते ते. त्याच दिवशी ओसरीपासून गोठ्यापर्यंत कमरेच्या उंचीवर काथ्याचा दोर बांधला. वळणावर एक गाठ दिली. पायऱ्यांच्या कडेला चुन्याचा पट्टा ओढला, पुसट नजरेलाही तो कळतो. बादली, घमेले, काठी यांच्या जागा ठरवल्या. घरच्यांनी त्या बदलायच्या नाहीत, हा आबांचा हुकूम. आता म्हशीची धार तेच काढतात.

एक गोष्ट पाहून मात्र छातीत धस्स झाले. कोनाड्यात डोळ्यांच्या औषधाशेजारीच कीटकनाशकाची बाटली! ती लगेच कुलपात ठेवायला लावली. तुमचाही कोनाडा आजच पाहा.

मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली मिळत नाही. उरलेली मात्र वेळेवर थेंब घालून बहुतेकदा राखता येते. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, आणि सुरुवातीला दुखत-खुपत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब व नस तपासून घ्यावी.

मुलाला तपासणीला जाण्याचा हुकूम आबांनी दिलाच. तुम्ही कोणाच्या हुकमाची वाट पाहता?