आलेख चढला, पण वाचा सुधारली का?

वाचा-उपचार आता मोबाईलवर आले आहेत. पडद्यावर चित्र येते, मूल त्याचे नाव सांगते, यंत्र ते ऐकून गुण देते आणि आठवडा संपला की उपचारतज्ज्ञाच्या संगणकावर आलेख उमटतो : इतके पाठ पूर्ण, इतके टक्के बरोबर. पेडणे आणि डिचोलीतल्या पालकांना याचे आकर्षण वाटले तर नवल नाही. केरी-पालयेहून बांबोळीच्या गोमेकॉत जायचे म्हणजे थोड्या वेळाच्या उपचारासाठी अख्खा दिवस मोडतो. २०२२ साली मोपाला विमानतळ झाला. विमाने आमच्या डोक्यावरून जातात, मुलाचा उच्चार सुधारायला मात्र आम्ही अजून बसचीच वाट पाहतो.

तेव्हा या साधनाला आमचा विरोध नाही. आलेख म्हणजेच प्रगती असे सरकारदरबारी ठरू नये, एवढेच आम्हांला म्हणायचे आहे.

कारण यंत्र काय मोजते ते पाहिले पाहिजे. ज्या साधनांच्या मुळाशी बोललेले लिहून काढणारी यंत्रणा असते, ती यंत्रणा मुळात चुका झाकण्यासाठी बनलेली आहे. अस्पष्ट बोललात तरी जवळचा ओळखीचा शब्द ती शोधून काढते. पत्र सांगून लिहून घ्यायचे असेल तर हा गुण. वाचा-उपचारात हाच दोष. मूल ‘केळे’ऐवजी ‘तेळे’ म्हणाले, तर यंत्र ‘केळे’ समजून पूर्ण गुण देण्याची शक्यता असते. नेमका तो ‘त’ ऐकण्यासाठी तर तज्ज्ञ बसलेला असतो! शिवाय अशा यंत्रणा बहुतांशी मोठ्या, निरोगी माणसांच्या आवाजावर शिकवलेल्या असतात. लहान मुलाचे बोलणे, त्यातही अडखळणारे बोलणे, त्यांना नीट कळत नाही.

दुसरीकडे, बरोबर बोललेलेही चूक ठरते. आमची कित्येक मुले शाळेत मराठी शिकतात आणि घरी बोली बोलतात. कुत्र्याचे चित्र पाहून ‘सुणो’ आणि पाण्याचे पाहून ‘उदक’ म्हणणाऱ्या मुलाची वाचा ठणठणीत आहे. ठरावीक शब्दांच्या यादीला ते कुठून ठाऊक असणार? आमच्या लिपीतल्या एका ‘च’चे उच्चार दोन. चुलीतला वेगळा, चहातला वेगळा. पुण्या-मुंबईच्या आवाजावर बेतलेले साधनही येथे जपूनच वापरावे लागेल, मग इंग्रजी-हिंदीतल्या साधनाची गोष्टच सोडा.

वडीलधाऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसाला स्वतःच्या मुलाचे नाव आठवत नाही, पण अंक, वार, लहानपणी पाठ केलेली शुभंकरोती कधीकधी ओठांवर येते. तज्ज्ञ हा धागा धरून पुढे जाऊ शकतात. आमच्या जुन्या घरांतल्या आजोबांचे पाढे मराठी, आरत्या मराठी, वर्तमानपत्रही मराठी. त्यांच्यापुढे परक्या भाषेतली चित्रे ठेवून ‘प्रगती शून्य’ असा शेरा मारणे हा अन्याय आहे.

आणि शेऱ्याला वजन असते. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, वाणी व भाषेचे अपंगत्व त्यांत नव्हते. २०१६ च्या कायद्याने प्रकार एकवीस केले आणि त्यात ते आले. हक्क कागदावर मिळाला. उद्या कोणी आलेख ऐंशी टक्क्यांवर गेला म्हणून उपचार थांबवला, किंवा खाली राहिला म्हणून ‘घरचे लोक सराव करून घेत नाहीत’ असे ठरवले, तर दाद कोणाकडे मागायची?

१९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामकाजासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे १ लाख ५८ हजार लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचे पेढे आम्हीही खाल्ले. पण आजारी माणसाशी त्याच्या भाषेत बोलणे दर्जाच्या आधी येते. हा मराठी-कोकणी वाद नव्हे. कोकणी घरातल्या मुलाची अडचण तीच आहे आणि त्याच्यासाठीही आमचे हेच म्हणणे आहे.

सरकारने असे साधन खुशाल घ्यावे. मात्र खरेदीच्या अटींतच लिहावे की मुलाचा आवाज साठवला जाईल, तो फक्त उपचारासाठी वापरला जाईल आणि तज्ज्ञ त्यातले नमुने स्वतःच्या कानांनी ऐकून मगच शेरा देईल. पहिल्या भेटीत घरची भाषा विचारली जावी, शब्दांची यादी आईवडिलांना दाखवून तीत घरचे शब्द घालता यावेत. किती पाठ झाले आणि किती सुधारणा झाली, हे दोन रकाने वेगळे असावेत. महिन्यातून ठरल्या दिवशी एक तज्ज्ञ पेडण्यात आणि एक डिचोलीत बसवणे सरकारला जड जाऊ नये. मते मागायला आमचे दोन्ही तालुक्यांचे आमदार दारात येतात. या खेपेला रस्ता-गटाराबरोबर हेही त्यांना विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे.