गेटच्या आतले वर्ष

आज १५ जुलै, जागतिक युवा कौशल्य दिन. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये हा दिवस मुक्रर केला आणि पुढच्याच वर्षी आपल्या सरकारने ‘स्किल इंडिया’चा नारळ याच तारखेला फोडला. आपल्याकडे या सुमारास आयटीआय प्रवेशाची धांदल असते. उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून, पुणे-सोलापूर महामार्गावर वसलेल्या डाळजसारख्या गावात घरात दहावी झालेले पोर असले, की एकच विषय चालतो: नंबर इलेक्ट्रिशियनला लागला की फिटरला? पुढे काय, हे विचारायची वेळ दोन वर्षांनी येते. तेव्हा मात्र उत्तर द्यायला कोणी नसते.

कामाची वानवा असलेला हा मुलूख नव्हे. एका अंगाला भिगवणची कागद गिरणी, दुसरीकडे बारामतीची एमआयडीसी आणि सगळीकडे उसाचे कारखाने. बारामतीतच २०१२ पासून व्हेस्पा बनते. तिथली तीनचाकी ‘आपे’ आता विजेवरही धावते. आणि इंदापूर तालुक्यातच वालचंदनगर आहे. वालचंद हिराचंद यांनी माळरानावर ऊस लावून जी वसाहत उभी केली, तिथल्या कारखान्यातून इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटची मोटर केसिंग बाहेर पडली. डाळजच्या पोराने मोटारसायकल काढली तर तासाभराच्या टप्प्यात अवकाशात जाणारे लोखंडकाम आहे. तरीही हातात दाखला असलेली कितीतरी मुले ठेकेदाराच्या हजेरीपटावर रोज मोजून घेतली जातात.

कुठे बिनसते, ते वेल्डिंगच्या एका जोडात दिसते. मोठ्या कामांसाठी वेल्डर घेताना ‘सिक्स जी’ची चाचणी लावतात. पाइप ४५ अंशांत तिरका, पक्का बांधलेला. तो फिरवायचा नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचे, कुठे गुडघ्यावर बसून, कुठे मान उलटी करून जोड पुरा करायचा. मग तो क्ष-किरणाखाली जातो. आत मर्यादेबाहेर पोकळी दिसली किंवा स्लॅग अडकलेला आढळला, की नापास. तिथे वशिला चालत नाही. हा हात बसायला शेकडो रॉड जाळावे लागतात, आणि जळलेला जोड कापून ‘इथे का फसले’ हे दाखवणारा जाणता माणूस शेजारी लागतो. आयटीआयचा वेल्डर हा एका वर्षाचा ट्रेड. वर्कशॉपमध्ये रॉड मोजून मिळत असतील, एका बूथवर चारजण ताटकळत असतील आणि निदेशकाने स्वतः कारखान्याचे तोंड पाहून वर्षे लोटली असतील, तर त्या पोराकडून ‘सिक्स जी’ची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

या शिक्षणाची समाजाने आणि सरकारने काय किंमत केली, त्याचा एक आकडा पुरेसा बोलका आहे. महाराष्ट्रातल्या आयटीआयच्या मुलांना १९८३ पासून दरमहा ४० रुपये विद्यावेतन होते. त्याचे ५०० झाले ते २०२३ मध्ये. मधल्या चाळीस वर्षांत सरकारे सगळ्या रंगांची आली.

आता पैसा येतो आहे. केंद्राच्या ‘पीएम-सेतू’ योजनेत १,००० सरकारी आयटीआयसाठी पाच वर्षांत ६०,००० कोटी रुपये आहेत आणि उद्योगांनीही त्यात वाटा उचलायचा आहे. चांगलेच आहे. पण आपला अनुभव असा, की पैसा आधी इमारतीत जातो, मग यंत्रात, आणि निदेशकापर्यंत येईतो आटतो. आमच्या मते सुधारणेची सुरुवात उलट टोकाने व्हावी. शिकवणाऱ्याला दरवर्षी महिनाभर पगारी कारखान्यात धाडा. आणि शिकणाऱ्याचे निदान एक वर्ष खऱ्या अर्थाने गेटच्या आत जाऊ द्या.

त्यासाठी नवा कायदा नको. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचेच आहेत. त्यांच्या विद्यावेतनाचा काही भार केंद्रही उचलते. खोट दुसरीकडे आहे. शिकाऊ म्हणून घेतलेला मुलगा लाइनवर एकाच जागी उभा करायचा, वर्षभर तोच बोल्ट आवळायला लावायचा आणि मुदत संपली की पुढची बॅच बोलवायची. हे स्वस्तातले मजूर झाले. त्याला प्रशिक्षण म्हणणे शुद्ध दांभिकपणा. कोणत्या महिन्यात कोणते काम शिकवले, याची नोंदवही उमेदवाराच्या ताब्यात हवी आणि ती तपासणारा अधिकारी अचानक दारात उभा राहायला हवा.

कारखान्यातच खरे शिकणे याच पुणे जिल्ह्यात घडलेले आहे. तळेगावला १९०८ मध्ये लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. तिथे भट्टीपुढे उभे राहून शिकलेल्या कारागिरांनी पुढे देशात ठिकठिकाणी काचेचे धंदे सुरू केले. शाळा आणि कारखाना एकाच छपराखाली होते, एवढीच काय ती किमया.

डाळजपुरते बोलायचे तर सगळ्यांनीच गेटच्या आत जावे असेही नाही. ठिबकची फिटिंग, मोटर रिवाइंडिंग, ऊसतोडणी यंत्राची हायड्रॉलिक दुरुस्ती ही कामे बांधावरच पडून आहेत. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू केल्यापासून शेतात सेन्सर आणि हवामान केंद्रे आली. ती बंद पडली की कोणाला फोन लावायचा? गावातल्याच पोराला लावता आला पाहिजे. गावात बसून चालणारी ही कामे मुलींनाही खुली आहेत. संध्याकाळच्या एसटीची वाट पाहत स्टँडवर थांबावे लागते, म्हणून ज्यांचे ट्रेड घरचे लोक ठरवतात त्या मुलींना.

मार्च २०२४ मध्ये बारामतीत ‘नमो महारोजगार मेळावा’ झाला. एरवी एकमेकांकडे न बघणारे पुढारी त्या दिवशी एका मांडवात दिसले. मेळावे खुशाल भरवावेत. पण त्याआधी प्रत्येक आयटीआयने एक साधा फलक दारात लावावा: मागच्या वर्षी ट्रेडनिहाय किती मुले बाहेर पडली, त्यांतली किती कुठे कामाला आहेत आणि काय पगारावर. नावे नकोत, आकडे पुरेत. डाळजहून पोराला घेऊन आलेला बाप अर्जावर सही करण्याआधी तो फलक वाचू शकेल. याला ना साठ हजार कोटी लागतात, ना नवा शासन निर्णय. यंदाच्या प्रवेशफेऱ्या संपण्याआधी हे करता येईल.