तिसरी तार

ईद जवळ आली की आमच्या मुंब्र्यात घरोघरी रंगकाम निघते. कोणी नवी फरशी बसवतो, कोणी दिवाणखान्यात झुंबर लावतो. भिंतीचा रंग ठरवायला सारे घर एकत्र बसते. रंगाऱ्याला दहा प्रश्न विचारले जातात. पण विजेचे काम करणाऱ्याला आपण एकच प्रश्न विचारतो, "किती घेणार?" माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो. असे मला का वाटते, ते सांगतो.

आमची इमारत तीस वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा घरात दोन ट्यूबलाइट, दोन पंखे आणि एक टीव्ही एवढेच होते. पुढे फ्रिज आला, धुलाई यंत्र आले, मग गीझर आला. भिंतीतल्या तारा मात्र त्याच राहिल्या. फ्यूज सारखा उडू लागला. शेजारच्या एका मुलाने फ्यूजमध्ये जाड तार घालून दिली. फ्यूज उडणे थांबले आणि आम्ही खूश झालो!

एके दिवशी माझ्या दहा वर्षांच्या मुलाने ओल्या हाताने धुलाई यंत्राला स्पर्श केला. त्याला असा झटका बसला की तो मागे फेकला गेला. पायांत रबरी चपला होत्या म्हणूनच कदाचित तो वाचला. त्या रात्री आम्हां कोणालाच झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन माणसांना बोलावले. पहिल्याने खोल्या मोजल्या आणि लगेच रक्कम सांगितली. दुसरा वीजतंत्री होता. त्याने आयटीआयमध्ये दोन वर्षांचे शिक्षण घेतले होते आणि तो एका परवानाधारक ठेकेदाराकडे काम करत होता. त्याने आधी घरातील सर्व उपकरणांची यादी केली. प्रत्येकाचे वॅट लिहिले. मीटर पाहिला, वीजबिलावरचा 'मंजूर भार' वाचला. मग मुख्य स्विच बंद करून धुलाई यंत्राचा बोर्ड उघडला. प्लगसाठी तीन छिद्रे होती. मागे तारा मात्र दोनच होत्या!

त्याने सांगितलेली रक्कम पहिल्याच्या दीडपट होती. अब्बा म्हणाले, "इतके पैसे कशाला? तार ती तारच."

तो नम्रपणे म्हणाला, "चाचा, हिशोब करून पाहा. गीझर दोन हजार वॅटचा आहे. घरातली वीज २३० व्होल्टची असते. दोन हजारला २३० ने भागा. जवळजवळ ९ अँपिअर होतात. तुमचा गीझर ज्या लहान सॉकेटला लावला आहे, ते फक्त ६ अँपिअरचे आहे. फ्यूजची तार मुद्दाम बारीक असते. भार वाढला की ती वितळते आणि घर वाचते. तुम्ही तिथे जाड तार घातलीत. आता फ्यूजऐवजी भिंतीतली तार तापते."

अब्बांनी विचारले, "आणि ही तिसरी तार कशाला हवी?"

"ती अर्थिंगची. प्लगची मोठी पिन तिच्यासाठीच असते. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर ही तार ती जमिनीत नेते. ती नसेल तर वीज माणसाच्या अंगातून वाट काढते."

अब्बा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रंग पुढच्या वर्षी काढू."

मुलांनो, ही केवळ एका घराची गोष्ट नाही. बल्ब, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर घरातील वीजजोडणीचे काम परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच आणि प्रमाणपत्रधारकाच्या देखरेखीखाली करून घ्यावे, असा नियम आहे. १९५६ सालच्या भारतीय वीज नियमांत तो होता आणि नंतरच्या नियमांतही तो कायम आहे. पण नियम कागदावर राहतो, कारण आपण परवाना मागतच नाही. मागायला संकोच वाटतो.

काही जण म्हणतील, "गरिबाने एवढा खर्च कसा करावा?" प्रश्न खरा आहे. माझे उत्तर असे, की पैसे कमी असतील तर काम टप्प्याटप्प्याने करावे, पण कच्चे करू नये. आधी अर्थिंग करावे. त्याबरोबर आर.सी.सी.बी. नावाचा स्विच बसवावा. घरात गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, तरी तो क्षणात पुरवठा तोडतो. मग जाड तारा घालाव्यात. झुंबर आणि रंग थांबू शकतात.

दुसरे कोणी म्हणेल, "कागद नसलेले कारागीरही हुशार असतात." हेही खरे आहे. आमच्या गल्लीत असे अनेक तरुण आहेत. पण त्यांचे भले व्हावे असे वाटत असेल तर त्यांना स्वस्तात राबवू नये. त्यांना परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवायला सांगावे. चुकीच्या कामात सर्वांत आधी त्यांचाच जीव धोक्यात येतो.

या कामात तुम्हीही घराला मदत करू शकता. वीजबिल मराठीत येते. ते अम्मी-अब्बांना वाचून दाखवा. तारेच्या वेष्टनावर आय.एस.आय. चिन्ह आहे का, ते पाहा. दिव्यांसाठी साधारण १.५ चौरस मिलिमीटरची आणि गीझरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तार वापरतात; ते आकडे तपासा. हिरवी तार दिसली नाही तर विचारा, "अर्थिंग कुठे आहे?" मात्र बोर्ड स्वतः कधीही उघडू नका.

त्या ईदला आमच्या भिंती जुन्याच होत्या. चर बुजवल्याच्या सिमेंटच्या रेघा त्यांवर स्पष्ट दिसत होत्या. एका पाहुण्याने विचारलेच, "यंदा रंग नाही काढला?" अब्बांनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "यंदा भिंतीच्या आतले काम केले."