पाणी न पिता बाजार



कापूस वेचणारी बाई बाजाराच्या दिवशी घोटभर पाणीही न पिता घरून निघते. का? दिवसभर जायला जागा नाही म्हणून. पुरुष भिंतीआड उभा राहतो, बाई अंधाराची वाट बघते. मग लघवीची जळजळ सुरू झाली की डॉक्टर सांगतो, पाणी जास्त प्या!

2011 मध्ये मुंबईच्या बायांनी 'राइट टू पी' म्हणत साधा सवाल केला : पुरुषाला मुतारी फुकट, मग बाईला पैसे का? पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'ने कोर्ट गाठले. डिसेंबर 2015 मध्ये मुंबई हायकोर्टाने राज्यातल्या महापालिकांना बजावले, बायांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहे बांधा. सन्मानाने जगण्याचा तो हक्क आहे.

पण हुकूम महापालिकांना. जळगाव, धुळे त्यात आले; वरणगावसारख्या गावांचे बाजार बाहेरच राहिले. खेड्यातल्या बाईला काय सन्मान नाही? कापूस-ज्वारीवर बाजार फी घेताना माल बाईने पिकवला की पुरुषाने, हे कोणी विचारत नाही. मग सोयीच्या वेळीच भेद का?

आणि आपलाही हिशेब करू. आमच्या सभांना मंडप असतो, लाऊडस्पीकर असतो, चहा असतो. बायांसाठी आडोसा नसतो.

म्हणून जिल्हा बैठकीत आम्ही दोन ठराव मांडतो. जिथे बाजार फी, तिथे बायांसाठी फुकट, पाणी असलेले, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह. आणि आडोशाशिवाय आपलीही सभा नाही. ही भीक नव्हे, हक्क आहे.