शर्कराकंद आणि पनवेलची खारजमीन

साखर म्हटली की आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे ऊस उभा राहतो. परंतु पांढऱ्या बीटात, म्हणजे शर्कराकंदात, उसाचीच साखर असते, हे मार्ग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने १७४७ सालीच बर्लिन येथे सिद्ध केले. पुढे युद्धामुळे वेस्ट इंडीजची साखर दुर्मिळ झाली, तेव्हा नेपोलियनने १८११ साली फ्रान्सात या कंदास राजाश्रय दिला. गरज पडली की राष्ट्र आपल्या मातीतून साखर काढते, हा त्यातला बोध होय.

आता उष्ण प्रदेशात तगणारी, भरघोस पिकणारी वाणे निघाली असून या शतकाच्या पहिल्या दशकात जालना व पुणे जिल्ह्यांत त्यांची लागवडही झाली. हे पीक पाच-सहा महिन्यांत तयार होते व उसाहून पुष्कळ कमी पाणी पिते. कंदापासून साखर व इथेनॉल निघते. पाला व चोथा गुरांस चालतो. शिवाय वाढलेले पीक खारेपणा बरेच सोसते. पनवेलकरांनी कान टवकारावे ते येथेच. खाडीकाठच्या आमच्या शेतांत भातानंतर क्षार वर येतो व जमीन बहुधा ओसाड पडते. येथील खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल-१’सारखी क्षार सोसणारी भाताची वाणे दिली, मग रब्बीस हा कंद का नको, असा प्रश्न साहजिक आहे.

परंतु उत्साहाच्या भरात हिशेब विसरणे हे व्यापाऱ्यांच्या गावास शोभणार नाही. कंदाचे कोवळे रोप खारेपणाने मरते. उगवणीपुरते तरी गोडे पाणी पाहिजे. उपटलेला कंद आमच्या उष्म्यात फार दिवस टिकत नाही, आणि जवळ कारखाना नाही. उसाच्या चरकाचा येथे उपयोग नाही. कंदाचे काप करून गरम पाण्यात साखर उतरवावी लागते. उसाचा चोथा भट्टीत जळतो, कंदाचा तसा जळत नाही. म्हणून इंधनही विकत घ्यावे लागते.

याहून मोठी उणीव कायद्यात आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊसकऱ्यास किमान दर व चौदा दिवसांत पैसे मागण्याचा हक्क मिळाला. कंद लावणाऱ्यास असा आधार नाही. त्याचे सारे भवितव्य कारखानदाराशी झालेल्या करारावर अवलंबून. कारखान्याने माल नाकारला, तर नासता कंद घेऊन त्याने कोणाच्या दारी जावे?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. या कंदाचे प्रयोग खारजमिनीवर व्हावेत, आणि उत्पन्नाबरोबर पाणी, खर्च व वाहतूक यांचे आकडे मराठीत लोकांपुढे मांडावेत. आरंभी लागवड गुरांच्या चाऱ्यापुरतीच असावी. साखरेसाठी पेरणी सांगणाऱ्याने आधी दर, मोजमाप व भरपाई यांचा लेखी करार हातात द्यावा. बी विकणाऱ्याचा नफा पेरणीच्या दिवशीच पदरात पडतो. शेतकऱ्याचा मात्र काढणीनंतर. हा फरक कायद्याने भरून काढल्यावाचून नव्या पिकाची स्तुती ही शेतकऱ्याच्या जिवावर केलेली उदारता ठरेल.