पंचेचाळीस दिवसांचा कागद

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आठवडाभर माझ्या आतेभावाचा अमेरिकेतून दूरध्वनी आला. ओहायो राज्यात तो तीस वर्षे आहे आणि त्यातली एकोणीस वर्षे त्याने एकाच विमा कंपनीच्या संगणक विभागात काढली. वय अठ्ठावन्न. उन्हाळ्यात त्याच्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झाली. कायद्याने मिळणारी बारा आठवड्यांची रजा घेऊन तो कामावर परतला, तेव्हा त्याच्या हाताखालची माणसे दुसऱ्याकडे गेली होती. महिनाभरात कामाचे मूल्यमापन झाले आणि एकोणीस वर्षांत प्रथमच 'अपेक्षेपेक्षा कमी' असा शेरा पडला. सहाव्या आठवड्यात सांगण्यात आले की, विभागाची पुनर्रचना होत आहे आणि त्यात तुमचे पद राहत नाही. सोबत एक जाड लिफाफा होता. सहा महिन्यांचे वेतन आणि तेवढ्याच काळाचा आरोग्य विमा देऊ केलेला. त्या बदल्यात एका कागदावर सही करायची, की वयावरून किंवा आजारपणावरून माझ्यावर अन्याय झाला अशी तक्रार घेऊन मी न्यायालयात जाणार नाही. आपल्याकडे भावंडांत जमिनीच्या वाटणीनंतर हक्कसोडपत्र होते, तसाच हा प्रकार. विचार करायला मुदत पंचेचाळीस दिवसांची.

"तू वर्तमानपत्रात आहेस, तूच सांग," तो म्हणाला, "सही करू की भांडू?"

मी कला शाखेचा पदवीधर. वकिली माझा प्रांत नव्हे. पण प्रश्न घरातल्या माणसाचा होता, म्हणून त्या पंचेचाळीस दिवसांत मी अमेरिकेतील या विषयावरचे कायदे आणि निवाडे जमतील तेवढे वाचून काढले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवण्याचे कारण एवढेच की, आपल्यापैकी अनेकांची मुले-जावई तिकडे आहेत आणि त्याहून कितीतरी अधिक माणसे इकडे, पुण्या-मुंबईत, त्याच वयाची आणि त्याच प्रकारच्या खुर्चीवर बसलेली आहेत.

अमेरिकेने चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यास वयावरून डावलण्यास कायद्याने बंदी केली ती १९६७ साली. आरंभी हे संरक्षण पासष्टीपर्यंतच होते. १९७८ साली ते सत्तरीपर्यंत गेले आणि १९८६ साली वरची मर्यादाच काढून टाकण्यात आली. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेला तो लागू आहे. आजारपणाच्या रजेचा कायदा मात्र बराच उशिरा आला. थोरल्या बुश यांनी दोनदा नकाराधिकार वापरून तो अडवला होता. अखेर फेब्रुवारी १९९३ मध्ये क्लिंटन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. वर्षातून बारा आठवडे रजा, तीही बिनपगारी. पण आरोग्य विमा चालू राहणार आणि परतल्यावर तेच किंवा त्याच तोलाचे पद मिळणार. पन्नासहून कमी नोकर असतील तेथे हा कायदा नाही. राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत आणि काही अधिक उदार आहेत, परंतु पाया हा.

कागदावर पाहिले तर माझ्या भावाच्या हाती दोन ढाली होत्या. मग तो घाबरत का होता?

आयोवा राज्यातील एका खटल्यात या प्रश्नाचे उत्तर सापडते. एफबीएल फायनान्शियल या विमा कंपनीत १९७१ मध्ये रुजू झालेले जॅक ग्रॉस २००३ साली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, एका विभागाचे संचालक होते. त्यांच्याकडील बरीचशी कामे काढून घेऊन एका नव्या पदाकडे देण्यात आली आणि त्या पदावर नेमणूक झाली ती पूर्वी त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या, चाळिशीतल्या सहकाऱ्याची. पगार तोच राहिला, मान गेला. ग्रॉस यांनी २००४ मध्ये दावा लावला. ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल देऊन ४६,९४५ डॉलरची भरपाई ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १८ जून २००९ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला. न्यायालय म्हणाले की, निर्णयामागे वय हे एक कारण होते एवढे दाखवून भागणार नाही. वय आड आले नसते तर हे घडलेच नसते, असे कर्मचाऱ्यानेच सिद्ध केले पाहिजे. वंश किंवा लिंग यांवरून भेदभाव झाला, तर ते कारणांपैकी एक होते एवढे दाखवणे पुरते. वयाला मात्र ही सवलत नाही. हा फरक दूर करणारे विधेयक प्रतिनिधीगृहाने जानेवारी २०२० मध्ये संमतही केले, परंतु सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही.

एखाद्याला काढणाऱ्याच्या मनात काय होते, हे काढला गेलेला माणूस कसे सिद्ध करणार? 'तुम्ही म्हातारे झालात' असे कोणी पत्रात लिहीत नाही. पत्रात 'पुनर्रचना' असते, 'नव्या रक्ताला वाव' असतो, 'ऊर्जा' असते. मराठीतही हे शब्द आता छान रुळले आहेत. दावा चालतो तेव्हा कंपनी एक सभ्य कारण पुढे करते आणि ते कारण दिखाऊ आहे हे दाखवण्याचे ओझे पुन्हा कर्मचाऱ्यावर येते. मग तो जुने शेरे काढतो, तारखा जुळवतो. रजेचा अर्ज कधी केला, पहिला वाईट शेरा कधी आला, काम कोणाकडे गेले, त्याचे वय काय. माझ्या भावाजवळ अशा तारखांची वही होती; ती वहिनींनी ठेवली होती, औषधांच्या वेळा लिहिता लिहिता.

आजार आणि वय एकत्र आले की अडचण दुप्पट होते. कर्मचारी म्हणतो, मला आजारपणामुळे काढले आणि वयामुळेही. समोरचा वकील विचारतो, नक्की कशामुळे ते ठरवा. एका घटनेला अनेक कारणे असू शकतात हे तेथील न्यायालयांनीही मान्य केले आहे, पण ज्यूरीपुढे हा पेच टाकता येतो आणि टाकला जातो. प्रत्यक्ष आयुष्यात ही दोन कारणे वेगळी असतातच कुठे? अठ्ठावन्नाव्या वर्षी झालेली बायपास ही मालकाच्या नजरेत शस्त्रक्रिया नसते. ती वयाची पावती असते. तीसवर्षीय तरुणाचा पाय मोडला तर साहेब त्याला फुले पाठवतात.

रजेच्या कायद्यातही खाचा आहेत. रजेवरून परतलेल्याला कामावर असलेल्याहून अधिक हक्क मिळत नाही. तो रजेवर गेला नसता तरी ते पद गेले असते, असे कंपनीने दाखवले की संपले. २००२ सालच्या 'रॅग्सडेल विरुद्ध वुल्व्हरिन वर्ल्ड वाइड' या खटल्यात एका कर्करोगग्रस्त कामगार महिलेने तीस आठवड्यांची रजा घेतली होती. तिला आणखी रजा नाकारून काढण्यात आले. ही रजा कायद्यातील बारा आठवड्यांत धरली जात आहे असे कंपनीने आपल्याला कधी कळवलेच नाही, म्हणून ती बारा आठवडे अजून शिल्लक आहेत, असा तिचा मुद्दा होता. सरकारचा नियमही तसाच होता. सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, तो नियमच कायद्याबाहेरचा ठरवला.

आणि मोठ्या कंपन्या? आयबीएमने पाच वर्षांत अमेरिकेतील चाळिशीपुढच्या सुमारे वीस हजार जणांना घरी पाठवले, असा अंदाज 'प्रोपब्लिका' या वृत्तसंस्थेने २०१८ साली मांडला. तेथील समान रोजगार संधी आयोगाने २०२० मध्ये २०१३ ते २०१८ या काळातील नोकरकपातीत वयाधारित भेदभाव झाला असे मानण्यास सबळ आधार असल्याचे म्हटले. २०२२ मध्ये न्यायालयीन कागदपत्रांतून कंपनीच्या वरिष्ठांमधला पत्रव्यवहार बाहेर आला. त्यात जुन्या कर्मचाऱ्यांसाठी 'डायनोबेबीज' असा शब्द होता. कंपनीने पद्धतशीर भेदभावाचा आरोप सातत्याने नाकारला आहे. पण डायनोसॉरची उपमा ज्यांना सुचली, ती माणसे स्वतः कोणत्या वयाची असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

हे सारे वाचताना माझ्या परिचितांपैकी काहींनी अपेक्षित उद्गार काढलेच. 'तिकडे नाती नाहीत, माणूस म्हणजे यंत्राचा सुटा भाग. आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची परंपरा आहे.' परंपरा आहे, यात संशय नाही. परंतु ती कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या दारात पादत्राणे काढून आत जाते, असे मला कधी दिसलेले नाही.

आपली वस्तुस्थिती काय आहे? आपल्या संविधानातील पंधराव्या आणि सोळाव्या अनुच्छेदांत भेदभावाची जी कारणे निषिद्ध ठरवली आहेत त्यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही. शिवाय नोकरीपुरते पाहिले तर ते बंधन शासनावर, खासगी मालकावर नव्हे. शासकीय सेवेत असताना अपंगत्व आले तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पद राखले जाते. खासगी कार्यालयास ते बंधन नाही. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पस्तिसाव्या वर्षी, किंवा पहिल्या गरोदरपणी, घरी पाठवण्याचा नियम होता. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली आणि पस्तिशीनंतर कोणाला मुदतवाढ द्यायची हे ठरवण्याचा व्यवस्थापकीय संचालकाचा मनमानी अधिकारही काढून घेतला. ती कंपनी सरकारी होती म्हणून तो दरवाजा तरी उघडला.

कारखान्यातील कामगाराची स्थिती, निदान कागदावर, बरी आहे. कपात करताना शेवटी आलेला आधी जाईल, हा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याचा दंडक नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेतही टिकून आहे. जुना माणूस त्याने वाचतो. राज्य विमा योजनेत असलेल्या कामगारास वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन आजारपणात मिळते आणि त्या काळात त्याला काढण्यास मनाई आहे. पण या योजनेची वेतनमर्यादा २०१७ मध्ये झाली ती २१,००० रुपये. आणि 'कामगार' या व्याख्येतून व्यवस्थापकीय काम करणारे वगळलेले. हाताखाली चार माणसे आणि दारावर नावाची पाटी आली की माणूस कायद्याच्या छत्राबाहेर. पाटी लागल्याचे पेढे आपण वाटतो. छत्र गेल्याचे कोणाला कळतही नाही. पंचावन्नाव्या वर्षी कर्करोगाच्या उपचारासाठी चार महिने रजेवर गेलेल्या उपव्यवस्थापकाला नियुक्तिपत्रातील महिना-दोन महिन्यांच्या सूचनेवर बाहेर काढता येते. त्याला न्यायालयात जाऊन मागायचे ते काय? फार तर सूचनेच्या काळाचा पगार. मूळ अमेरिकी खटल्यात निदान हरायला तरी काही असते.

म्हणून सगळा अमेरिकी कायदा उचलून आणा, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या मनातले सिद्ध करायला लावणारा कायदा आपल्या न्यायालयांत आला तर फिर्यादी निवृत्त होऊन, कदाचित दिवंगत होऊन, मग निकाल लागेल. परंतु त्या जाड लिफाफ्यात आणखी एक कागद होता, तो मात्र आपण जरूर उचलावा. १९९० साली अमेरिकेने आणखी एक कायदा केला. सामूहिक कपातीत वयाच्या दाव्याचे हक्कसोडपत्र घ्यायचे असेल, तर कर्मचाऱ्याला पंचेचाळीस दिवस विचाराला, सही केल्यावरही सात दिवस माघारीला द्यायचे आणि सोबत एक यादी द्यायची. त्या विभागात कोणकोणत्या पदांवरची, किती वयाची माणसे काढली आणि किती वयाची ठेवली. नावे नाहीत, फक्त पदे आणि वये.

ही यादी मिळण्यास खटला लागत नाही, साक्षीदार लागत नाही, कोणाच्या मनात शिरावे लागत नाही. आपल्याकडे कपात करणाऱ्या प्रत्येक कंपनीने, अधिकारी असो वा कामगार, ही यादी काढलेल्या माणसाच्या हातात आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्यावी. गेल्या वर्षभरात ज्यांनी दीर्घ वैद्यकीय रजा घेतली अशांची संख्या त्यात असावी. त्याचबरोबर आजारपणातील रजा आणि परतण्याचा हक्क पगाराच्या आकड्याला न बांधता सर्व नोकरदारांना मिळावा. पहिल्या मागणीला तर सरकारी तिजोरीतून एक पैसा लागत नाही.

माझ्या भावाने ती यादी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून, पेन्सिल घेऊन वाचली. काढलेल्यांच्या रकान्यात पन्नाशीपुढचे आकडे एकाखाली एक उभे होते. ठेवलेल्यांच्या रकान्यात ते शोधावे लागत होते. स्थानिक वकिलाने ती पाहिली आणि दावा लढण्याजोगा आहे, असे सांगितले. तीन-चार वर्षे लागतील, असेही सांगितले. सरकारी वैद्यकीय विमा तेथे पासष्टाव्या वर्षी सुरू होतो. म्हणजे अजून सात वर्षे. बायपास झालेल्या माणसाने ती विम्यावाचून काढायची कशी? वहिनी भांडण्याच्या बाजूच्या होत्या. "पैशासाठी नाही हो, त्यांनी तो शेरा परत घ्यावा म्हणून," असे त्या मला म्हणाल्या.

त्रेचाळिसाव्या दिवशी त्याने सही केली. माघारीचे सात दिवसही उलटू दिले. त्या सात दिवसांत त्याचा मला रोज दूरध्वनी येत असे. या विषयावर तो एक अक्षर बोलत नसे, पुण्यात पाऊस थांबला का, एवढेच विचारत असे. यादी त्याने फाडली नाही. पेन्सिलीच्या खुणांसह ती त्याच्याजवळ आहे.